उत्तर खिशात घेऊन

फिरत्या दरवाजातून आत शिरलात की कानाला दडे बसतात. आरसीए डोमचं छत खांबांवर उभं नाही, हवेच्या दाबावर फुगून उभं आहे. साधं दार उघडं राहिलं तर ती हवा निसटून जाईल, म्हणून माणसांनी असं गोल फिरत आत यायचं. बाहेर इंडियानापोलिसची फेब्रुवारीतली बोचरी थंडी. आत पांढऱ्या छताखाली कुठेच सावली न पाडणारा उजेड. साल १९९८. तुमच्या गळ्यात ओळखपत्र आहे, बगलेत क्लिपबोर्ड, अंगठ्याखाली स्टॉपवॉच. इंडियानापोलिस कोल्ट्स या संघाचे तुम्ही सर्वांत कनिष्ठ स्काउट आहात. म्हणजे आकडा पुकारला की लिहून घ्यायचा, आणि कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

ही दुसरी अट फार बरी आहे. कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, आणि येताना उत्तर खिशात घेऊन आला आहात.

प्रश्न असा आहे. गेल्या हंगामात कोल्ट्स १६ पैकी १३ सामने हरले. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, तळाला गेलेल्या संघाला त्याचं एक बक्षीस मिळतं. एप्रिलमध्ये ड्राफ्ट भरतो तेव्हा कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांपैकी पहिला खेळाडू त्याने उचलायचा. मग त्याच्या वरच्याने, मग त्याच्या वरच्याने. हा आयपीएलसारखा लिलाव नव्हे (आयपीएलला अजून दहा वर्षं आहेत, तिकडे लक्ष देऊ नका). इथे बोली लागत नाही, फक्त क्रम असतो. यंदा पहिल्या क्रमांकासाठी दोनच नावं चर्चेत आहेत आणि दोघेही क्वार्टरबॅक आहेत. टेनेसी विद्यापीठाचा पेटन मॅनिंग आणि वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ.

हा खेळ ज्यांनी कधी नीट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो, आणि फेकायचं ठरलं असेल तर पुढचे अडीच-तीन सेकंद त्याचे. तेवढ्या वेळात सव्वाशे-दीडशे किलोची चार-पाच माणसं त्याला आडवं करायला धावून येतात. त्याचे सहकारी ठरलेल्या वाटांनी पळत सुटतात. समोरचे अकरा जण मुद्दाम एक दाखवतात आणि करतात दुसरंच. अशा गदारोळात कुणाकडे फेकायचं ते ठरवायचं आणि तो गडी जिथे पोचणार आहे तिथे चेंडू आधीच पाठवून द्यायचा. हे खरोखर जमणारी माणसं एका वेळी जगात दहा-पंधराच असतात, अशी या धंद्यातली कायमची रड आहे. संघ आहेत तीस.

तुम्ही ज्या मेळ्यात आला आहात त्याला कंबाइन म्हणतात. देशभरातली तीनशेहून अधिक पोरं चार-पाच दिवस एकत्र बोलवायची, आणि सगळ्या संघांनी मिळून त्यांना तपासायचं. पहिलं काम मापं घेण्याचं. पोरं नुसत्या चड्डीवर रांगेने उभी आहेत. एकेक जण पुढे येतो, उंचीच्या पट्टीखाली उभा राहतो, काट्यावर चढतो. उंची चार आकड्यांत पुकारतात. ६०४३ म्हणजे सहा फूट, चार इंच आणि वर एका इंचाचे तीन अष्टमांश. मग पंजा फाकवायचा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजायचा. डिसेंबरच्या पावसात ओला चेंडू हातातून सटकतो की नाही, ते त्या मापावरून ताडायचं असतं. समोर खुर्च्यांवर बसलेले पुरुष एकाच वेळी मान खाली घालतात आणि लिहितात.

गावाकडच्या बैलबाजारात कधी उभे राहिला असाल तर हे सगळं ओळखीचं वाटेल. दात बघायचे, पाठीवर हात फिरवायचा, चार पावलं चालवून बघायचं, आणि खरा भाव मात्र उपरण्याखाली बोटं दाबून सांगायचा. इथेही कोण मनात भरला ते चेहऱ्यावर उमटू द्यायचं नसतं. शेजारच्या खुर्चीतला माणूस दुसऱ्या संघाचा आहे. रात्री सेंट एल्मोमध्ये, १९०२ पासून चालत आलेल्या त्या स्टेकच्या हॉटेलात, तो तुमच्यासोबत नाकात झिणझिण्या आणणाऱ्या चटणीतली कोलंबी खाईल, हसेल, पाठीवर थाप मारेल, आणि साफ खोटं बोलेल.

लीफ काट्यावर चढतो. २६१ पौंड. म्हणजे ११८ किलो, हंगामात होता त्यापेक्षा बराच जास्त. तुमच्या मनात लगेच घंटा वाजते. बघा, आयुष्यातली सगळ्यात मोठी मुलाखत आणि हा सुटलाय! पण आजूबाजूला बघा. कुणाच्या कपाळावर आठी नाही. साडेसहा फुटाला टेकलेलं धूड आहे, वय एकवीस, दोन महिन्यांत उतरेल वजन. असं म्हणणाऱ्यांत मूर्ख कुणी नाही. तुमची घंटा वाजली, कारण शेवट तुम्हाला ठाऊक आहे.

बुद्धिमापनाची एक चाचणीही होते. वंडरलिक नावाची, बारा मिनिटांत पन्नास प्रश्न. तिचे गुण गुप्त असतात, त्यामुळे सगळ्यांना माहीत असतात. फुटलेले आकडे खरे धरले तर मॅनिंगला २८ आणि लीफला २७. घ्या, करा निवड.

चाळीस यार्डांची धाव, उंच उडी, लांब उडी हे सगळं मी भराभर ओलांडतो, आणि तुम्हीही ओलांडा. क्वार्टरबॅक सामन्यात सरळ रेषेत चाळीस यार्ड वर्षातून किती वेळा पळतो? तरी पन्नास माणसं श्वास रोखून अंगठा दाबतात, कारण सेकंदाचा शंभरावा भाग कागदावर उतरवता येतो. जे उतरवता येतं त्याला या डोममध्ये भाव जरा जास्तच मिळतो, असं माझं मत आहे. नामांकित क्वार्टरबॅक तर इथे बऱ्याचदा चेंडू फेकतही नाहीत. अनोळखी गड्यांकडे फेकून हसं करून घेण्यापेक्षा आपल्या कॉलेजच्या मैदानावर, आपल्या सवयीच्या पोरांसोबत फेकून दाखवलेलं बरं, असा त्यांच्या एजंटांचा हिशेब असतो.

खरं काम अंधारात चालतं. कोल्ट्सच्या कचेरीतल्या त्या खोलीत चला. पडदे ओढलेले, कॉफी गार झालेली, पडद्यावर चित्रफीत. पुढच्या खुर्चीत बिल पोलियन. गेल्याच डिसेंबरमध्ये ते कोल्ट्सचे अध्यक्ष झाले. बफेलो बिल्सचा सलग चार वेळा सुपर बोलपर्यंत, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोचलेला संघ त्यांनी बांधलेला. चारही वेळा तो हरला, ही गोष्ट त्यांच्यासमोर काढू नका. बाजूला नवे मुख्य प्रशिक्षक जिम मोरा, आक्रमणाचे टॉम मूर, क्वार्टरबॅकांचे ब्रूस एरियन्स. रिमोट ज्याच्या हातात आहे तो एकच फेक पुढे नेतो, मागे आणतो, पुन्हा पुढे नेतो.

टीव्हीवर दिसतो तसा हा सामना नाही. स्टेडियमच्या वरच्या टोकाला कॅमेरा लावून बावीसच्या बावीस माणसं एका चौकटीत घेतलेली आहेत, त्यामुळे माणसं लहान दिसतात, चेहरे दिसत नाहीत, आवाज नाही. चेंडूकडे बघू नका, पहिल्यांदा सगळे तीच चूक करतात. पाय बघा. पाच पावलं मागे येऊन शेवटचं पाऊल टेकलं, तेव्हा निर्णय झालेला होता की अजून शोधाशोध चालू आहे? पहिला गडी अडवला गेला तर नजर दुसऱ्याकडे जाते, तिसऱ्याकडे जाते, की पाय आधीच पळायला लागतात? अंगावर माणूस येताना डोळे मैदानावर आहेत की त्या माणसावर? आणि मुख्य म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेल्यानंतरची पुढची फेक कशी आहे? एक अडचण मात्र राहतेच. कॉलेजात गडी दोन-दोन मीटर मोकळा असतो. एनएफएलमध्ये मोकळा म्हणजे हातभर, तेही अर्ध्या सेकंदासाठी. त्या हातभर जागेत फेकलेल्या फेकी कॉलेजच्या चित्रफितीत शोधाव्या लागतात, आणि त्या मूठभरच सापडतात.

लीफची चित्रफीत चालू आहे. १ जानेवारी १९९८, रोझ बोल हा कॉलेजांचा मानाचा सामना, समोर मिशिगन. वॉशिंग्टन स्टेट ६७ वर्षांनी या सामन्यापर्यंत पोचलं आहे आणि ते याच पोराच्या जोरावर. हंगामात ३४ टचडाउन फेकी, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या. त्याचा हात बघा. अंगाला झोंबलेला माणूस झटकून, एका पायावरून, चाळीस यार्ड सरळ रेषेत. खोलीत कुणीतरी नकळत च्यक करतं, कौतुकाचं. एक फेक मिशिगनचा चार्ल्स वुडसन गोलक्षेत्रात झेप घेऊन पकडतो. (वुडसनने नुकताच कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार घेतलाय, दुसरा मॅनिंग, तिसरा लीफ.) सामना २१-१६ असा जातो. शेवटचे दोन सेकंद शिल्लक असताना लीफ चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवू बघतो, पण घड्याळ संपतं.

आता रिमोटवाल्याला सांगता आलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं, जरा मिशिगनच्या बाजूला थांबव. मैदानावर त्यांचा क्वार्टरबॅक ब्रायन ग्रीसी आहे, त्याचंही नाव यंदाच्या ड्राफ्टच्या यादीत आहे. त्याच्या मागे, सीमारेषेपलीकडच्या घोळक्यात, राखीव म्हणून उभा असलेला एक काटकुळा पोरगा आहे. टॉम ब्रेडी. खोलीतल्या कुणाचीही नजर तिकडे जात नाही. जायचं कारणच नाही. तुमची जाते, आणि तुम्हाला काय दिसतं? सीमारेषेवर उभा असलेला एक पोरगा.

मॅनिंगची चित्रफीत लावतात. हा त्या मानाने कंटाळवाणा. चेंडू हातात येण्याआधीच तो हात नाचवून, ओरडून सगळ्यांच्या जागा बदलतो. मग पाच पावलं, फेक, आठ यार्ड. पुन्हा पाच पावलं, फेक, अकरा यार्ड. गडी वळण्याआधी चेंडू निघालेला असतो. सव्वीस वेळा बघितलं तर सव्वीस वेळा तेच. वडील आर्ची मॅनिंग १९७१ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर उचलले गेले होते, न्यू ऑर्लिन्सच्या दुबळ्या संघात मार खात आयुष्य गेलं. मुलाने पदवी तीन वर्षांत संपवली, गेल्या वर्षीच व्यावसायिक होता आलं असतं, पण एक वर्ष आणखी कॉलेजात खेळला. त्याच्याविरुद्धची बाजूही कच्ची नाही. फ्लोरिडाला तो एकदाही हरवू शकला नाही. शेवटचा सामना नेब्रास्काने ४२-१७ असा घेतला. हाताचा जोर साधारण. आणि एक वाक्य वारंवार ऐकू येतं, की हा जेवढा होणार होता तेवढा झालाय, वाढायला जागा आहे ती लीफमध्ये.

पोलियन यांनी नंतर सांगितलं की प्रत्यक्ष मोजलं तेव्हा मॅनिंगच्या फेकीचा वेगही लीफपेक्षा कमी भरला नाही, उलट जास्तच होता. सगळ्यांच्या डोळ्यांना मात्र लीफचा हात मोठा वाटत होता. माणूस धिप्पाड असला की फेकही धिप्पाड दिसते.

राहिल्या मुलाखती. हॉटेलची खोली, पंधरा मिनिटं, नंतर भोंगा वाजतो आणि पोरगा पुढच्या संघाच्या खोलीत. मॅनिंग पिवळ्या कागदांची वही घेऊन येतो आणि प्रश्न तोच विचारत सुटतो. हल्ला कसा रचणार, कोणते गडी ठेवणार, सरावाला कधीपासून येता येईल. भोंगा वाजतो तेव्हा खोलीतल्या लोकांच्या ध्यानात येतं की मुलाखत आपली झाली. हा किस्सा पोलियन यांनीच पुढे अनेकदा रंगवून सांगितला आहे. आणि लीफ? कोल्ट्सच्या खोलीत मोरा वाट बघतात, लीफ येतच नाही. त्याचं म्हणणं, वैद्यकीय तपासणीच्या वेळेचा घोळ झाला. त्याचे एजंट ली स्टाइनबर्ग यांनी मात्र खूप वर्षांनी सांगितलं की ते ठरवून केलं होतं. त्याला सॅन डिएगोला जायचं होतं, कोल्ट्सनी आपल्याला घेऊ नये म्हणून ही युक्ती.

तुमच्या खिशातलं उत्तर इथे उड्या मारायला लागतं. वही आणणारा आणि दांडी मारणारा! आता आणखी काय हवं? पण एक प्रयोग करून बघा. दोघांची भवितव्यं अदलाबदल करा. मॅनिंग बुडाला असता तर त्या पिवळ्या वहीचं काय झालं असतं? पढतमूर्ख, पाठांतराचा, वडिलांच्या नावावर आलेला, मैदानावर ताठरला. आणि लीफ चमकला असता तर चुकवलेली मुलाखत हाच त्याच्या बेडर स्वभावाचा लाडका किस्सा झाला असता. त्याच पोलियनसारख्या माणसांनी तो तितक्याच चवीने सांगितला असता.

बाजाराचा कौल बघायचा तर तोही आहे. सॅन डिएगो चार्जर्सचा क्रमांक तिसरा. दुसरा होण्यासाठी त्यांनी ॲरिझोनाला आपला तिसरा क्रमांक, दुसऱ्या फेरीतली निवड, पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड, आणि वर दोन जिवंत खेळाडू देऊन टाकले. एका पायरीसाठी एवढी किंमत. आणि कोणासाठी? कोल्ट्स जो सोडतील त्याच्यासाठी. म्हणजे धंद्यात मुरलेल्या माणसांनी भरपूर मोल मोजून सांगितलं की या दोघांपैकी कुणीही चालेल.

१८ एप्रिल. न्यू यॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डनचं नाट्यगृह. पंधरा मिनिटांचं घड्याळ, चिठ्ठी, आयुक्त पॉल टॅग्लियाबू माइकपाशी. पेटन मॅनिंग. मग रायन लीफ. लीफ हसतमुखाने सांगतो की पंधरा वर्षं खेळेन, सुपर बोलच्या एकदोन वाऱ्या होतील आणि सॅन डिएगोच्या रस्त्यांवरून मिरवणूक निघेल. करारावर सही करण्याचेच त्याला एक कोटीहून अधिक डॉलर मिळणार आहेत.

आता घाई करू नका, सप्टेंबरमध्ये थांबा. तुमचा धीर तिथेच सुटणार आहे. पहिल्या दोन आठवड्यांत चार्जर्स दोन्ही सामने जिंकतात. मॅनिंग पहिल्याच सामन्यात तीन वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात देतो आणि कोल्ट्स हरतात. पुन्हा हरतात. पुन्हा. कचेरीतले लोक तुमच्याकडे बघत नाहीत. १५ सप्टेंबरला कुणी तुम्हाला गाठून विचारलं, निवड बरोबर झाली ना, तर कागदावरचा पुरावा म्हणेल, नाही.

मग २० सप्टेंबर, कॅन्सस सिटी. लीफच्या १५ फेकींपैकी एक पोचते. त्या एका फेकीचे यार्ड चार. दोन फेकी प्रतिस्पर्धी पकडतात, शिवाय चेंडू हातातून निसटतात ते वेगळेच. दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तो एका बातमीदारावर ओरडतो आणि कॅमेरा चालू असतो. हंगामाअखेर लीफच्या नावावर टचडाउन फेकी २ आणि प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेल्या १५. पण ते वर्ष मॅनिंगचंही पाहा. पकडल्या गेलेल्या फेकी २८. नवख्यांमध्ये हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. कोल्ट्स पुन्हा १३ सामने हरतात, पोलियन येण्यापूर्वी हरले होते तेवढेच.

मॅनिंग त्या २८ फेकी घेऊन चित्रफितीच्या खोलीत बसला, आणि पुढच्या वर्षी कोल्ट्स १३ सामने जिंकले. लीफकडे ज्या आठवड्यात अपयश पहिल्यांदा आलं, त्या आठवड्यात त्याचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि शिकवू पाहणाऱ्यांना त्याने जवळ येऊ दिलं नाही. त्याची एनएफएलमधली सगळी कमाई १४ टचडाउन आणि ३६ पकडलेल्या फेकी. पुढे वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन, तुरुंग, आणि त्यातून बाहेर येऊन आता तो याविषयी उघडपणे, स्वतःला न वाचवता बोलतो. एकवीस वर्षांच्या त्या पोराला लोक आजही हसतात. मला ते बरं वाटत नाही.

फेब्रुवारीत तुम्ही डोममध्ये जे शोधत होता ते तिथे लपवून ठेवलेलं नव्हतं. ते अजून घडायचं होतं. मॅनिंगचं उरलेलं शिक्षण कोल्ट्समध्ये, मूर यांच्या हाताखाली, हरता हरता झालं. तो जर सॅन डिएगोत गेला असता तर? लीफ त्या शांत, गायी-मक्याच्या राज्यात आला असता तर? उत्तर खिशात आहे म्हणता ना, मग द्या.

येत नाही ना? मग दोन वर्षं पुढे चला. तेच डोम, तेच फिरते दरवाजे, फेब्रुवारी २०००. आता तुम्ही न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या नोकरीत आहात, हुद्दा तोच. सीमारेषेवरचा तो काटकुळा पोरगा आता चड्डीवर काट्यापुढे उभा आहे. सहा फूट चार इंच, २११ पौंड. छातीला मांस नाही, खांदे पडलेले. त्याचा तो उघड्या अंगाचा फोटो पुढे जगभर फिरणार आहे. चाळीस यार्डांना ५.२८ सेकंद लागतात. उभी उडी साडेचोवीस इंच. शेजारचा स्काउट पेन खाली ठेवतो. तुम्ही त्याच्या वहीत डोकावता. अंगकाठी किरकोळ, पाय मंद, हात सामान्य, धक्का लागला की पडतो. यातला एकही शब्द चुकीचा नाही. हे लक्षात घ्या, त्या दिवशी ब्रेडीबद्दल लिहिलेलं जवळजवळ सगळं खरं होतं.

त्याच्या बाजूने काय होतं? चित्रफितीत होतं. मिशिगनमध्ये प्रशिक्षक लॉइड कार शेवटच्या वर्षीही त्याला सगळा सामना देत नसत. पहिल्या चतकोरात ब्रेडी, दुसऱ्यात लाडका नवखा ड्रू हेन्सन, आणि मग ज्याचं बरं चाललंय तो पुढे. कित्येक आठवडे असं चाललं. अशा वागणुकीत पोरगं कुजतं. हा कुजला नाही, जागा परत मिळवली, आणि १ जानेवारी २००० च्या ऑरेंज बोलमध्ये अलाबामाविरुद्ध चौदा गुणांनी मागे पडून दोनदा वर आला. ३६९ यार्ड, चार टचडाउन, जादा वेळेत ३५-३४. हे सगळ्या संघांच्या कपाटात होतं. पण "मागे पडला की वर येतो" याला रकाना नव्हता, आणि ५.२८ ला होता.

पेट्रियट्सचे क्वार्टरबॅक प्रशिक्षक डिक रेबाइन त्या वसंतात मिशिगनला जाऊन आले. त्यांना पोरगा आवडला. त्यांनी तसं बिल बेलिचेक यांना सांगितलं. बेलिचेक नुकतेच मुख्य प्रशिक्षक झालेत, त्यांना आणण्यासाठी संघाने आपली पहिल्या फेरीतली निवड न्यू यॉर्क जेट्सना देऊन टाकली आहे. क्वार्टरबॅक तर आहेच, ड्रू ब्लेडसो, १९९३ चा पहिल्या क्रमांकाचा. रेबाइन एका राखीव गड्याबद्दल बोलत आहेत, आणि तसंच ते ऐकलं जातं.

१६ एप्रिल, ड्राफ्टचा दुसरा दिवस, उतरती दुपार. भिंतीवरच्या फळ्यावर ब्रेडीचं नाव अजून लटकतंय. सहा क्वार्टरबॅक गेले. पेनिंग्टन अठरावा. पासष्टावा जोव्हानी कार्माझी, तोही सॅन फ्रान्सिस्कोकडे, जिथला संघ ब्रेडी लहानपणापासून डोक्यावर घेऊन नाचला. तिथली निवड करणारे बिल वॉल्श आहेत, ज्यांनी १९७९ मध्ये जो मोंटाना तिसऱ्या फेरीत हुडकून काढला होता. क्वार्टरबॅक ओळखण्यात त्या काळी त्यांच्या तोडीची नजर कुणाची नव्हती. कार्माझी एनएफएलच्या हंगामात एकही सामना खेळणार नाही. मग रेडमन, टी मार्टिन, बल्जर, आणि १८३ वा स्पर्गन विन.

पेट्रियट्सना द्रष्टे म्हणण्यापूर्वी त्यांचा स्वतःचा हिशेब बघा. त्यांनीही ब्रेडीच्या आधी सहा खेळाडू उचलले. पाचव्या फेरीतला डेव्ह स्टाचेल्स्की त्यांच्यासाठी कधी खेळलाच नाही. त्या खोलीत तेव्हा असलेले स्कॉट पियोली यांनी पुढे त्याचा फोटो आपल्या टेबलावर ठेवला, आपण फार शहाणे आहोत असं वाटायला लागलं की बघायला. १९९ वा क्रमांक येतो, नाव पुकारलं जातं, कुणी टाळ्या वाजवत नाही. सात सुपर बोल पुढे आहेत. पण त्या पहिल्या वर्षी हा पोरगा सबंध हंगामात तीन फेकी करतो, एक पोचते.

रेबाइन यांचं ऑगस्ट २००१ मध्ये, वयाच्या पंचेचाळीस-सेहेचाळीसाव्या वर्षी, हृदयविकाराने निधन झालं. पुढच्याच महिन्यात, २३ सप्टेंबरला, ब्लेडसो जबर जखमी झाला आणि ब्रेडी मैदानात गेला.

पण त्याच्या आधी, फेब्रुवारी २००१ मध्ये, तुम्हाला पुन्हा डोममध्ये यावं लागतं. लीफमध्ये हात पोळून घेतलेले चार्जर्स १६ पैकी १५ सामने हरून पहिल्या क्रमांकावर बसले आहेत. या वर्षीचा सगळ्यांच्या तोंडी असलेला हात मायकल व्हिकचा आहे. चार्जर्स तो क्रमांक अटलांटाला विकून टाकतील, पाचव्यावर धावपटू लाडेनियन टॉमलिन्सन घेतील, आणि बत्तिसाव्या क्रमांकापर्यंत वाट बघतील. आत्ता काट्यापुढे जो उभा आहे त्याच्यासाठी. पर्ड्यू विद्यापीठाचा ड्रू ब्रीझ. पर्ड्यू इथून शंभरेक किलोमीटरवर. उंची सहा फुटांना जेमतेम टेकलेली. आजूबाजूला चुळबुळ होते. याच्यापुढे सहा फूट पाच इंचांची भिंत उभी राहिली की हा पलीकडचं बघणार कसा?

तुम्हाला ठाऊक आहे. खांदा निखळेल, चार्जर्स त्याला जाऊ देतील, तो न्यू ऑर्लिन्सला जाईल, आर्ची मॅनिंग जिथे मार खात राहिले तिथे. फेब्रुवारी २०१० मध्ये सुपर बोल जिंकेल, आणि समोर कोल्ट्सचा पेटन मॅनिंग असेल. वरिष्ठ मान वळवून विचारतात, काय लिहिलंस? तीन वर्षांत कुणीतरी तुम्हाला पहिल्यांदाच काहीतरी विचारलंय. तुम्ही क्लिपबोर्ड पुढे करता. अचूकता उत्तम, पाय चपळ, हात बेताचा, उंची कमी. दुसरी फेरी.

"माझंही तेच," ते म्हणतात, आणि पुढच्याला बोलावतात.